बागेतला वाडा भाड्याने देताना

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘वास्तुतज्ज्ञ’ असं छापलं आहे. छापणाऱ्याचा मोठेपणा, दुसरं काय. आम्ही सिव्हिलचे डिप्लोमावाले, सरकारी नोकर. भिंतीला ओल कुठून आली, स्लॅब का गळतो, बिलात माप बरोबर लावलंय की नाही, हे बघण्यात वीस वर्षं गेली. आणि ‘आम्ही’ म्हणतोय तेही मानाचं नाही. आपल्या मंडळातले आम्ही चौघं एकाच प्रकारच्या कामातले. महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी जुन्या सुरतेत हिंडतो, नंतर लोचो खातो आणि घरी येतो. आजचं भाषण चौघांनी मिळून तयार केलंय, फक्त बोलायची चिठ्ठी एकाच्या नावाची निघाली. आणखी एक. इथे बोलतोय ते मंडळाचे सभासद म्हणून, खात्याच्या वतीने नव्हे.

विषय कसा सुचला ते सांगतो. दर वर्षी श्रावण लागला की आपली हॉलसाठी पळापळ सुरू होते. यंदाच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, “अहो, चौकातला किल्ला केवढा छान दुरुस्त केलाय. अशा जुन्या इमारती नीट करून ठेवतात, बाजूला बाग असते, मग त्या आपल्याला चार दिवस भाड्याने का देत नाहीत?” सगळे हसले. आम्ही चौघं हसलो नाही, कारण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. बागेतली जुनी वास्तू दुरुस्त करणं अवघड असतंच. पण ती दुरुस्त झाल्यावर कोणाच्या हाती द्यायची, किती वर्षं, कोणत्या अटींवर, हे त्याहून अवघड. आणि त्यात आमच्या हातून एक चूक झालेली आहे. ती पुढे सांगतो. आधी थोडी सुरत.

आपल्या गावाला भाड्याच्या वाड्यांचा इतिहास चांगला साडेतीनशे-चारशे वर्षांचा आहे. सुरतेत इंग्रजांची कोठी होती, हे आपण शाळेत शिकलो. ती कोठी इंग्रजांनी बांधलेली होती, असं आपल्या डोक्यात असतं. तसं नव्हतं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरतेला आलेला फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर लिहून ठेवतो की ही इमारत काही बादशहाने दिलेली आणि काही भाड्याने घेतलेली होती. दगडाची आणि उत्तम लाकडाची, कोरीव कामाची, आणि प्रत्येक मजल्याची जमीन किमान अर्धा यार्ड जाड. अर्धा यार्ड म्हणजे दीड फूट. आम्ही हे वाचलं तेव्हा पहिला विचार आला तो वजनाचा. एवढी जड जमीन पेलणारी तुळई केवढी असेल!

१६८९ साली ओव्हिंग्टन नावाचा एक पाद्री इथे आला. त्याने तर भाडंच सांगितलंय. इमारत मोगल बादशहाची, शहराच्या वायव्य भागात, आणि वर्षाला साठ पौंड भाडं ठरलेलं. पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. हे साठ पौंड बादशहाच्या खजिन्यात जात नव्हते. ते त्याच इमारतीच्या दुरुस्तीवर, सजावटीवर, गरजेच्या नव्या बांधकामावर खर्च पडत होते. म्हणजे मालक बादशहा, भाडेकरू कंपनी, आणि भाडं इमारतीच्या पोटात. आता बादशहाने हे मोठ्या विचाराने ठरवलं होतं की दिल्लीहून वसुलीला कोण येतो म्हणून तसं चालू राहिलं, यात आम्ही पडत नाही. पण इमारतीच्या बाजूने पाहिलं तर याहून चांगला भाडेपट्टा आम्ही आजवर वाचलेला नाही.

त्या कोठीशी आपलं नातं वेगळं आहे, ते सांगायची गरज नाही. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेला आले तेव्हा मोगलांचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, आणि जॉर्ज ऑक्झेंडनने आपल्या माणसांनिशी कोठी राखली. आपली माणसं तेव्हा दाराच्या बाहेरच्या बाजूला होती! शेजारचे गुजराती मित्र अजूनही याची आठवण चेष्टेने काढतात आणि आपण चहा पाजून वेळ मारून नेतो. आमच्यासारख्या बांधकामवाल्याला मात्र त्या प्रसंगात एक भाडेकरू दिसतो. मालकाचा अधिकारी दार लावून बसलेला आणि भाडेकरू घर राखतोय. घर आपलं आहे असं भाडेकरूला वाटलं तर तो काय करतो, याचं हे उदाहरण. आणि घर आपलंच आहे असं फारच वाटलं तर तो पुढे काय करतो, तेही याच कंपनीने दाखवलं. १७५९ मध्ये तिने किल्लाही घेतला.

ती कोठी आज आपल्याला पाहायला नाही. जुन्या सुरतेत लाकूडकामाच्या हवेल्या पुष्कळ होत्या. एप्रिल १८३७ च्या आगीत नऊ हजारांवर घरं जळाली, त्याच वर्षी पूरही आला. आपण २००६ चा पूर पाहिलाय, तेव्हा पाणी काय करतं ते सांगायला नको. जे वाचलं त्याचं मोल म्हणून जास्त.

जे वाचलं ते का वाचलं, याचा आम्ही रविवारी फिरताना बराच विचार केला. किल्ला घ्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना कंटाळून गुजरातच्या सुलतानाने खुदावंदखानाकडून तो बांधून घेतला. १८६२ मध्ये इंग्रजांनी तिथली फौज काढली. तेव्हा किल्ला ओस पडायला हवा होता. पण रिकाम्या खोल्या महसूल आणि पोलीस खात्याच्या कचेऱ्यांना दिल्या गेल्या आणि पुढे किती तरी वर्षं तिथे कारकून खर्डेघाशी करत राहिले. त्या कचेऱ्यांनी किल्ल्याची शोभा वाढवली नाही, हे कबूल. पार्टिशनं घातली, खिळे ठोकले, वायरी ओढल्या. पण छत गळलं की कोणीतरी तक्रार करत होतं. महापालिकेने अलीकडे जीर्णोद्धार करून संग्रहालय केलं, ते करायला मुळात काही उभं होतं याचं थोडं श्रेय त्या कारकुनांना द्यायला हवं. आम्ही स्वतः कारकुनांच्या जातीचे, म्हणून हे बोलतो असं समजा.

मुघलसराईचंही तेच. शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये, हकीकतखानाने ती बांधली. प्रवाशांसाठी, हजला जाणाऱ्यांसाठी. पुढे तिचा तुरुंग झाला आणि १८६७ पासून तिथे सुरतची नगरपालिका आहे. दीडशे वर्षांहून जास्त काळ एकच वहिवाटदार. आपण घरपट्टी भरायला, जन्माचा दाखला काढायला तिथे गेलोय आणि आपण सतराव्या शतकातल्या इमारतीत रांगेत उभे आहोत हे कितीदा विसरलोय!

अहमदाबादला शाहीबागेत मोती शाही महाल आहे. आमच्या विषयाला तो अगदी जवळचा, कारण बाग आणि बागेतला महाल, असाच तो आहे. शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, गुजरातचा सुभेदार होता तेव्हाचा. इंग्रजी अमलात तिथे न्यायाधीश राहत. १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ टागोर आपल्या न्यायाधीश भावाकडे तिथे राहिले आणि त्या रिकाम्या दालनांतून त्यांना पुढे ‘क्षुधित पाषाण’ ही कथा सुचली. गुजरात राज्य झाल्यावर १९७८ पर्यंत ते राजभवन होतं, आता तिथे सरदार पटेलांचं स्मारक आहे. वास्तूत कोणीतरी राहत होतं, झाडलोट होत होती, पावसाळ्यापूर्वी गच्ची साफ होत होती.

आमचं म्हणणं असं की जुन्या वास्तूचा पहिला शत्रू भाडेकरू नव्हे, कुलूप. पन्हळीत पानं अडकतात, पाणी साचतं, भिंतीत उतरतं. पिंपळाचं बी कुठूनही येतं. एका पावसाळ्यात रोप, तिसऱ्या पावसाळ्यात मूळ विटा ढकलतं. वटवाघळं आली की खालच्या लाकडाकडे कोणी बघायला जात नाही आणि वाळवीचं फावतं. म्हणून कोणी विचारलं, “दुरुस्त केलेला वाडा भाड्याने द्यावा का?” तर आमचं उत्तर, द्यावा. अवश्य द्यावा. प्रश्न कागदाचा आहे.

आता आमची चूक.

गावाचं नाव सांगत नाही, कोणाच्या ताब्यातली इमारत तेही नाही. एका गावात सार्वजनिक बाग आणि बागेत इंग्रजांच्या वेळचा बंगला. पुढे खांबांचा ओटा, मागे दोन मोठ्या खोल्या, वर सागवानी तुळयांवर चुन्याची गच्ची. तो दुरुस्त करायचं ठरलं आणि देखरेखीला आम्ही होतो. आमच्या नोकरीतलं सगळ्यांत आवडतं काम ते. आम्ही डिप्लोमाला चुना शिकलो तो एका पानात. तिथे एक म्हातारा कडिया, म्हणजे आपला गवंडी, भेटला, त्याने शिकवलं. चुना किती दिवस भिजवायचा, विटांचा चुरा किती, गुळाचं पाणी कधी, हिरडा आणि बेलफळ कशासाठी. तो बोटावर चुना घेऊन चाखायचा! सिमेंटचं पोतं दिसलं तर रागवायचा. म्हणायचा, भिंतीला श्वास घेऊ द्या. आम्हाला वाटायचं, म्हातारा कविता करतोय. पण ते शास्त्र आहे. चुन्याच्या भिंतीत ओल शिरते आणि बाहेरही पडते. वरून सिमेंट लावलं की बाहेर पडायची वाट बंद. ओल आत फिरत राहते, लोणा धरतो आणि चार वर्षांत विटेचा भुगा हाताला लागतो.

दोन वर्षांनी बंगला झाला. फीत कापली, फोटो निघाले. नंतर प्रश्न आला, याचं करायचं काय? भाड्याने देऊ. भाडं किती? कोणीतरी जंत्री काढली आणि बाजारपेठेतल्या दुकानाला जो दर तोच बंगल्याला लावला. तीन वेळा टेंडर निघालं, तीनही वेळा एक पाकीट आलं नाही. त्यात दोन पावसाळे गेले. बंगल्याला कुलूप. चौथ्यांदा आधारभूत भाडं खाली आणलं आणि एका हॉटेलवाल्याने सर्वांत जास्त बोली लावली. नियमाने त्यालाच मिळालं.

माणूस वाईट नव्हता, हे आम्ही आवर्जून सांगतो. पैसे वेळेवर भरायचा. पण त्याचं हॉटेल होतं आणि हॉटेलला स्वयंपाकघर लागतं. सुरतेकडच्या माणसाला जागा दिली आणि त्याने तिथे चूल मांडली नाही, असं कधी झालंय का? मागच्या खोलीत भट्टी बसली, बरोबर सागवानी तुळईखाली. धूर, तेलाची वाफ, उष्णता. फरशी सतत धुतली जायची, ते पाणी भिंतीच्या पायात. वर गच्चीवर हजार लिटरच्या दोन टाक्या. हजार लिटर म्हणजे एक टन. दोन टन वजन, चोवीस तास, शे-सव्वाशे वर्षांच्या तुळयांवर. एसीसाठी भिंतींना भोकं. खालून फॉल्स सीलिंग, त्यामुळे वर काय चाललंय ते कोणालाच दिसेना. आणि दर दिवाळीला तो चकचकीत प्लॅस्टिक पेंट मारायचा. करारात एकच वाक्य होतं, “भाडेकरूने इमारत सुस्थितीत ठेवावी.” त्याच्या दृष्टीने रंग लावला म्हणजे सुस्थिती. कोर्टात उभं राहिला असता तर तोच बरोबर ठरला असता.

बागेत येणाऱ्यांचंही सांगायला हवं. त्या ओट्यावर रोज सकाळी गावातले पाच-सहा निवृत्त गृहस्थ पेपर वाचत बसायचे. हॉटेल झाल्यावर तिथे टेबलं आली आणि एके दिवशी त्यांना उठवलं. संध्याकाळी फिरायच्या वाटेवर गाड्या लागायला लागल्या. कोणी तक्रार केली तर उत्तर तयार होतं: जागा भाड्याने दिलेली आहे.

मग एका पावसाळ्यात मागची तुळई वाकली. नशिबाने रात्री, आत कोणी नव्हतं. आज तो बंगला पुन्हा कुलपात आहे, खर्च कोणाचा यावर पत्रव्यवहार चालू आहे आणि चावी एका कपाटात आहे.

आणि आमचं काय? भाडेपट्ट्याची फाइल शेऱ्यासाठी आमच्याकडे आली होती. आम्ही मसुदा वाचला. दोन वर्षं ज्या गच्चीवर उभे राहून चुना कुटून घेतला, तिच्यावर किती वजन चालेल हे आमच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. एक ओळ लिहायची होती. आम्ही लिहिलं, “तांत्रिकदृष्ट्या हरकत नाही,” आणि सही केली. मार्च महिना होता, टेबलावर बिलांचा ढीग होता. कारण तेवढंच. हॉटेलवाल्याला नावं ठेवणं सोपं आहे. तो म्हातारा कडिया पुढे एकदा रस्त्यात भेटला, त्याने बंगल्याचं विचारलं नाही. आमच्या मुलांची चौकशी केली आणि गेला.

तेव्हापासून आम्ही असे करार मिळतील तिथून वाचतो. छंदच म्हणा. मुंबईत राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय पुष्कळांनी पाहिलं असेल. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेली ती इमारत महापालिकेची, आणि तिची अवस्था फार वाईट झाली होती. २००३ मध्ये महापालिका, ‘इन्टॅक’ ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन असा तिघांचा करार झाला. मालकी महापालिकेचीच, पैसा उद्योगाच्या न्यासाचा, जाणकारी संस्थेची. २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं. तिघांनाही एकमेकांना विचारल्याशिवाय खिळा ठोकता येऊ नये, अशी रचना आम्हाला बरी वाटते. काम हळू होतं, भांडणंही होतात. होऊ देत.

महाराष्ट्रात राज्य संरक्षित स्मारकं सांभाळायला देण्याची एक योजना २००७ पासून आहे. तिच्यातून नळदुर्गचा किल्ला सोलापूरच्या एका कंपनीकडे दहा वर्षांसाठी दिला गेला. आमच्यापैकी एकाची सासुरवाडी तिकडे, त्यामुळे तो बऱ्याचदा जाऊन आलाय. पाणीमहाल आहे तिथे पूर्वी काटेरी झुडपं असायची, आता माणसं असतात, असं तो सांगतो. याउलट सप्टेंबर २०१९ आठवा. महाराष्ट्र सरकार पंचवीस किल्ले हॉटेलं आणि लग्नांसाठी भाड्याने देणार, अशी बातमी आली आणि इथे सुरतेत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही आग लागली. आम्हीही दोन संदेश पुढे ढकलले, खोटं कशाला बोला. नंतर सरकारने खुलासा केला की महाराजांच्या इतिहासातले संरक्षित किल्ले यात नाहीत. पण त्या चार दिवसांत एकानेही विचारलं नाही की करारात काय लिहिणार आहेत? ‘देणार की नाही’ यावर सगळे भांडले. २०१८ मध्ये दिल्लीचा लाल किल्ला एका सिमेंट कंपनीने पाच वर्षांत पंचवीस कोटी खर्चायच्या बोलीवर ‘दत्तक’ घेतला, तेव्हाही तसंच.

परदेशातली एक तऱ्हा सांगतो, कारण ती ऐकायला मजेची आहे. अमेरिकेत मेरिलँड नावाचं राज्य आहे. तिथल्या सरकारी उद्यानांत जुनी घरं पडून होती. १९८२ पासून त्यांनी असं केलं की ज्याला हौस आहे त्याने यावं, स्वतःच्या खर्चाने घर मूळच्या पद्धतीने दुरुस्त करावं आणि हयातभर तिथे बिनभाड्याने राहावं. मालकी सरकारचीच. भाडं शून्य! आपल्याकडे अशी फाइल पुढे सरकवणाऱ्याची दुसऱ्या दिवशी चौकशी लागेल. पण हिशेब मांडून पाहा. आमच्या बंगल्याने हॉटेलकडून जे भाडं मिळवलं, ते वाकलेली तुळई बदलायलाही पुरणार नाही. शून्य भाडं स्वस्त पडलं असतं. आणि हे ऐकल्यावर आम्हाला ते साठ पौंड आठवले. तेही भाडं नव्हतंच, दुरुस्ती होती.

आपल्या गुजरातनेही २०२० मध्ये वारसा पर्यटनाचं धोरण आणलं. १ जानेवारी १९५० पूर्वीच्या हवेल्या, दरबारगढ, महाल यांत हॉटेल, संग्रहालय, समारंभाचा हॉल करायचा तर सरकार अर्थसाहाय्य देईल, असं त्यात म्हटलं होतं. चांगलंच आहे. मालक स्वतः त्या वास्तूत जन्मलेला असतो तेव्हा तो आजीच्या देवघरात भट्टी लावत नाही. सार्वजनिक बागेतल्या वास्तूला मात्र असा मालक नसतो. तिची आजी कोणाचीच नाही. म्हणून तिथे सगळा भार कागदावर येतो.

मग कागदात काय हवं? वकील मंडळी बसली आहेत, त्यांच्या विषयात आम्ही शिरत नाही. आमच्या बाजूचं सांगतो. ताबा देताना पंचनामा हवा, तोही खोलीवार, फोटोंसह. कोणती तडा आज आहे, किती लांब आहे. नाहीतर पाच वर्षांनी ‘ही तडा आधीचीच’ हे वाक्य ठरलेलं. गच्चीवर किती वजन, आकडा लिहा. स्वयंपाकघर मूळ इमारतीत नकोच. बागेत आवाराच्या कडेला वेगळी साधी शेड बांधू द्या आणि अन्न ताटात वाढून आत आणा. संडास-मोरीची नळजोडणीही शक्य तितकी बाहेर. आगीखालोखाल जुन्या इमारतीला सर्वांत जास्त मारतो तो नळ, थेंबथेंब गळणारा, भिंतीत लपलेला. छत झाकायचं नाही. सिमेंट लावायचं नाही. चुन्याचा गवंडी मिळत नाही ही सबब चालणार नाही, तो मिळतो, मजुरी जास्त मागतो एवढंच. आणि दर पावसाळ्यापूर्वी मालकाच्या माणसाने शिडी लावून वर जायचं, भाडेकरूला आधी न कळवता. आमच्या बंगल्यावर सहा वर्षांत वर कोणीही गेलं नाही. त्यात आम्हीही आलो.

मुदतीबद्दल आमच्यात एकमत नाही. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून आपल्याकडे सगळं अकरा महिन्यांचं. पण अकरा महिन्यांचा पाहुणा दुसऱ्याची पन्हळ कशाला साफ करील? तीस वर्षं दिली तर तो मालक होऊन बसतो. आम्ही तिघं नऊ-दहा वर्षांपर्यंत आलोय, चौथा अजून पाचावर अडून आहे.

आणि बोली. सर्वांत जास्त भाडं देईल त्याला वास्तू, ही रीत गाळ्यांना ठीक आहे. इथे भाडं आधीच ठरवून टाकावं, परवडेल असं, आणि स्पर्धा दुसऱ्या गोष्टीवर लावावी: कोण काय करणार, देखभालीला कोणाला ठेवणार, लोकांना किती दिवस खुलं ठेवणार. त्या ओट्यावरच्या निवृत्त गृहस्थांची सकाळची दोन तासांची जागा करारात लिहिता आली असती. एक ओळ होती. आलेलं भाडंही पालिकेच्या एकूण जमेत विरघळू नये. त्या वास्तूच्या नावाचं वेगळं खातं असावं आणि बागेच्या फाटकावर फळा लावून त्यात किती जमा आणि किती खर्च ते लिहावं. आपल्या मंडळाचा हिशेब आपण विसर्जनानंतर फळ्यावर लावतोच ना?

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला सांगता, आम्ही काय वाडे भाड्याने देतोय? तर मंडळी, रिंग रोडवर जुन्या सब-जेलच्या जागेवर महापालिकेचे दोन उंच मनोरे उभे राहत आहेत. कचेऱ्या तिकडे जातील, आणि मग चौकातल्या मुघलसराईत कोण बसणार, हा प्रश्न येईल. कोणी म्हणेल संग्रहालय, कोणी म्हणेल हेरिटेज हॉटेल. काकू म्हणतील गणपतीचा हॉल, आणि त्याला आमची हरकत नाही, फक्त मांडवाचे खांब अंगणातल्या फरशीत रोवायचे नाहीत आणि महाप्रसाद बाहेर शिजवायचा. अशा वेळी पालिका नागरिकांच्या हरकती-सूचना मागवते, तेव्हा आपल्याकडून एक पत्र जावं. देऊ नका, असं नव्हे. गच्चीवर वजन किती, चूल कुठे, शिडी लावून वर कोण जाणार, असं पत्र. मसुदा आम्ही करतो. या वेळी हरकती नीट लिहू. पत्रावर सह्या तुमच्या हव्यात, आम्हा नोकरदारांच्या सह्यांना नियम आडवे येतात.

विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी साडेसातला आम्ही मुघलसराईच्या दरवाजापाशी असू. सुट्टी असल्याने आत जाता येणार नाही, पण बाहेरून कमान, भिंतींचे पाय आणि पन्हळी दाखवू. तिथून चालत किल्ला, शेजारच्या गांधी बागेत थोडं बसू आणि मग लोचो. भाद्रपदाचा भरवसा नाही, छत्री आणा. लहान मुलांनाही आणा. लोणा धरलेल्या भिंतीला एकदा बोट लावून पाहिलं की पुढचं समजावून सांगायला सोपं जातं.

गणपती बाप्पा मोरया!